दाब हाच द्वारपाल



ज्या गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरसाल भरते, त्यांनी आपली सारी हयात कारखान्यांतील फिटर, टर्नर आणि बॉयलरवाले यांना त्यांच्या हातातील यंत्रांचे मर्म मराठीतून समजावून देण्यात वेचली. आणि म्हणून त्यांच्या नावाने द्यावयाच्या व्याख्यानासाठी विषय निवडताना ग्रहगोलांकडे अथवा अणुगर्भाकडे न वळता मी झाकणासारख्या एका सामान्य वस्तूकडे वळलो, यात त्यांच्या वृत्तीशी काही सुसंगतीच आहे असे मला वाटते.

विषयाची मर्यादा प्रथमच आखून घेतो. ज्या पात्रात मोठा दाब कोंडावयाचा आहे आणि ज्याचे तोंड वर्षातून एकदा नव्हे, तर दिवसातून अनेकवार उघडावयाचे आहे, अशा पात्राचे झाकण गळतीविना कसे बसवावे, एवढाच तो प्रश्न आहे. स्वयंपाकघरातील कुकर, इस्पितळातील शस्त्रे निर्जंतुक करण्याचे ऑटोक्लेव्ह, इचलकरंजीसारख्या वस्त्रोद्योगाच्या गावी पॉलिएस्टरला 130 अंश उष्णतेत रंग देण्याची पात्रे, पुण्याच्या बी. जी. शिर्के यांच्या उद्योगाने स्वीडनचे जे सायपोरेक्स तंत्र आपल्याकडे आणले त्यातील हलक्या विटा वाफेत पिकविण्याची प्रचंड नळकांडी, तोफेचे मागचे तोंड आणि समुद्रतळाशी काम करणाऱ्या पाणबुड्यांची कोठडी, ही सारी या एकाच प्रश्नाची निरनिराळी रूपे होत. या सर्वांच्या इतिहासातून मला जो एक सिद्धान्त निघताना दिसतो तो मी आरंभीच सांगून टाकतो: ज्या दाबाला अडवावयाचे, त्याच्यावरच झाकणाच्या रक्षणाची जबाबदारी सोपवावी, आणि झाकण उघडण्याचा परवानाही त्या दाबाच्याच स्वाधीन ठेवावा. पहिली गोष्ट अभियंत्यांना दीर्घ खटाटोपानंतर साधली. दुसरीकडे मात्र अजूनही हयगय होते, आणि त्या हयगयीची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजली जाते.

प्रश्नाची गुरुता कळण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. घरच्या कुकरमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो इतकाच अधिक असतो, आणि हा आकडा ऐकून कोणाच्याही मनात भय उत्पन्न होत नाही. परंतु झाकणाचा व्यास 20 सेंटिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ 314 चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे गृहिणी ज्या झाकणाखाली वरणभात शिजवीत असते, त्याला 314 किलो भार अखंड वर ढकलीत असतो. विटा पिकविण्याच्या नळकांड्याचा व्यास 2 मीटर आणि आतील वाफेचा दाब 12 किलो असेल, तर त्याच्या दरवाजावर सुमारे 377 टन भार पडतो. फळांचे रस आणि तत्सम खाद्यपदार्थ उष्णतेविना, केवळ पाण्याच्या दाबाने टिकाऊ करण्याची जी यंत्रे आज चालतात, त्यांत दाब सुमारे 6,000 किलोपर्यंत नेला जातो. तेथे पात्राचे तोंड 38 सेंटिमीटर रुंद असले तरी बुचावरचा भार 6,800 टनांच्या घरात जातो, आणि हे बूच दर काही मिनिटांनी काढावे व पुन्हा बसवावे लागते.

झाकणाची कर्तव्ये दोन आहेत, आणि ती एकमेकांपासून वेगळी ओळखली पाहिजेत. एक कर्तव्य भार पेलण्याचे, म्हणजे झाकण जागेवरून उडू न देण्याचे. दुसरे कर्तव्य फट बुजविण्याचे, म्हणजे झाकण आणि पात्र यांच्या सांध्यातून वाफ, वायू अथवा द्रव बाहेर पडू न देण्याचे. पहिल्यासाठी बळकट पोलाद लागते आणि दुसऱ्यासाठी मऊ, लवचिक द्रव्य लागते. आणि एकाच वस्तूकडून ही दोन्ही कामे करून घेण्याच्या अट्टाहासात पुष्कळ कल्पक माणसांची वर्षे खर्ची पडली आहेत.

सर्वांत जुनी आणि आजही सर्वत्र प्रचलित असलेली रीत म्हणजे झाकण व पात्र यांच्या कडांमध्ये गास्केट, म्हणजे फट बुजविणारे कडे, घालून भोवतालचे बोल्ट पान्याने करकचून आवळणे ही होय. या रीतीतील उणीव तिच्या मुळातच आहे. बोल्ट आवळले त्या क्षणी गास्केट सर्वांत अधिक दाबलेले असते; पुढे पात्रात दाब वाढू लागला की तो झाकणाला उचलू पाहतो, बोल्ट केसभर ताणले जातात, आणि गास्केटवरची पकड जेव्हा सर्वाधिक हवी असते नेमकी तेव्हाच ती सैल होत जाते. म्हणून पुढे येणाऱ्या दाबाचा अंदाज बांधून त्याहून कितीतरी अधिक जोर आधीच लावून ठेवावा लागतो. जर्मनीत ओप्पाऊ येथे 1913 साली अमोनियाचा जो पहिला मोठा कारखाना सुरू झाला, त्यातील पात्रांत दाब वातावरणाच्या सुमारे 200 पट असे. परंतु अशी पात्रे एकदा बंद झाली की दीर्घकाळ उघडावयाची नसतात, म्हणून तेथे बोल्ट आवळण्यात एक संपूर्ण पाळी गेली तरी त्याची तक्रार कोणी करीत नाही. जेथे दर तासाला माल घालावयाचा आणि काढावयाचा आहे तेथे मात्र ही रीत निरुपयोगी ठरते. कारण दोन डझन बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने सारख्या जोराने आवळण्याचे काम थकलेल्या हातांनी दिवसातून दहा वेळा बिनचूक होईल असे मानणे हा कारागिरावर अन्याय आहे. शिवाय तांब्याचे गास्केट एकदा दाबले की कठीण होते आणि पुन्हा तापवून मऊ केल्यावाचून विश्वासाचे राहत नाही. बोल्टांचे आटे झिजतात, एकमेकांत अडकतात. आणि अखेरीस एखादा घाईचा इसम चार बोल्ट तसेच सोडून देतो.

या इतिहासाचा प्रारंभ फ्रान्समधील ब्ल्वा या नगराजवळ 1647 साली जन्मलेल्या डेनिस पापँ याच्यापासून करणे योग्य होईल. पॅरिसमध्ये हायगेन्स आणि लंडनमध्ये रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम केलेल्या या विद्वानाने 1679 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक बंद पात्र ठेवले, ज्यात वाफ कोंडून हाडेसुद्धा मऊ शिजविता येत. आणि 1682 च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या काही सभासदांनी त्या पात्रात शिजलेल्या अन्नाचे भोजनही केले, ज्याची नोंद जॉन एव्हलिन या सभासदाच्या दैनंदिनीत आहे. पापँने झाकण आडव्या दांड्याखाली स्क्रूने दाबून धरले होते, म्हणजे सांधा बंद करण्याची त्याची रीत जुनीच होती. परंतु दाब मर्यादेबाहेर गेला तर आपोआप उचलली जाणारी, तरफेवर वजन टांगलेली सुरक्षा-झडप त्याने त्याच पात्रावर बसविली. आत कोंडलेल्या शक्तीलाच आपली मर्यादा सांगण्याचे काम द्यावे, ही कल्पना येथे प्रथम उमललेली दिसते, आणि कुकरच्या प्रत्येक शिट्टीत ती आज आपल्या घरोघरी नांदत आहे.

पापँनंतर शंभराहून अधिक वर्षांनी इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने 1795 साली द्रवचलित दाबयंत्राचा एकस्वाधिकार घेतला. ब्रामा हा त्या काळचा विख्यात कुलूपकारही होता. परंतु ज्याने इंग्लंडातील चोरांना हताश केले त्याला आपल्याच यंत्रातील पाणी काही केल्या कोंडता येईना, कारण दट्ट्याभोवतीचे पॅकिंग सैल ठेवले तर पाणी उसळून बाहेर पडे आणि घट्ट केले तर दट्ट्या जागचा हलत नसे. या पेचातून ब्रामाच्याच कारखान्यात काम करणाऱ्या हेन्री मॉड्‌स्ले याने वाट काढली, असे परंपरा सांगते. त्याने दट्ट्याभोवती वाटीसारखे वळविलेले कातड्याचे कडे अशा तऱ्हेने बसविले की त्या कड्याचे उघडे अंग दाबाच्या बाजूस राहावे. पाण्याचा दाब चढला की तो कातड्याच्या आत शिरून त्याचे ओठ दोन्ही बाजूंना फाकवी आणि सांधा अधिक घट्ट होई. दाब उतरला की कातडे सैल पडे आणि दट्ट्या विनासायास परत येई. ज्या पाण्याला बाहेर जावयाचे होते त्यालाच दाराशी उभे करण्याची ही तजवीज होती, आणि पुढच्या साऱ्या प्रगतीचे बीज एका कारागिराच्या या साध्या कातडी कड्यात आहे.

यानंतरचा अध्याय युद्धशास्त्राचा आहे. तोफ हे असे एक पात्र आहे की ज्यात क्षणार्धात वातावरणाच्या हजारो पटींचा दाब उत्पन्न होतो, आणि ज्याचे मागचे तोंड लगेच पुढच्या बारासाठी उघडावे लागते. ते तोंड नीट बंद होत नाही म्हणून इंग्रजांच्या आरमाराने आर्मस्ट्राँग या कारखानदाराच्या मागून भरावयाच्या तोफा एकदा वापरात घेऊनही सोडून दिल्या आणि जुन्या ठासणीच्या तोफांचा पुन्हा अंगीकार केला. पुढे 1879 च्या जानेवारीत मार्मरा समुद्रात ‘थंडरर’ या युद्धनौकेवरची एक ठासणीची तोफ, आधीचा बार उडालाच नव्हता हे लक्षात न येता, दुसऱ्यांदा भरली गेली आणि फुटली. त्यात 11 माणसे दगावली. मागून भरावयाच्या तोफेत असा घोटाळा संभवतच नाही, कारण मागचे दार उघडताच आतला बार दिसतो. तेव्हा आता प्रश्न दार असावे की नसावे हा राहिला नाही, दार घट्ट कसे मिटावे एवढाच राहिला.

त्याचे उत्तर द बांज या फ्रेंच तोफखान्याच्या अधिकाऱ्याने 1870 नंतरच्या त्या दशकात सिद्ध केले होते. त्याने दाराच्या बुचापुढे छत्रीच्या आकाराचा एक पोलादी शेंडा बसविला आणि त्या छत्रीच्या मागे, तिच्या दांड्याभोवती, अॅस्बेस्टॉस व चरबी यांची मऊ गादी ठेवली. स्फोटाचा वायू छत्रीच्या संपूर्ण तोंडावर दाबला जाई. छत्री मागे सरके. आणि मधली गादी पिळली जाऊन नळीच्या भिंतीला सर्व बाजूंनी बिलगे. भार पेलण्याचे काम निराळ्या अवयवाकडे, खंडित आट्यांच्या बुचाकडे होते. या बुचाचे आटे मधून मधून कापून काढलेले असतात. त्यामुळे ते सरळ आत सारून थोडासा फेरा दिला की सारे आटे एकदम एकमेकांत अडकतात. दोन कर्तव्ये दोन निराळ्या अवयवांना वाटून दिल्याबरोबर दोन्ही सुलभ झाली. विटांच्या नळकांड्याचा दरवाजा ज्या दातेरी कड्याने आज क्षणात अडकतो व सुटतो, ते कडे या तोफेच्या बुचाचेच शांततेच्या काळातील वंशज होय.

परंतु या तत्त्वाला त्याची शास्त्रीय प्रतिष्ठा आणि निर्दोष रूप दिले ते हार्वर्ड विद्यापीठातील पर्सी ब्रिजमन या पदार्थवैज्ञानिकाने. त्याच्या आधी फ्रान्सच्या एमिल अमागा याने वातावरणाच्या सुमारे 3,000 पट दाबापर्यंत मजल मारली होती, आणि तेथून पुढचा मार्ग गळतीने अडविलेला होता. 1946 साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात ब्रिजमनने जी हकीगत सांगितली, ती आजच्या आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. त्याला त्या वेळी अत्युच्च दाब गाठावयाचाच नव्हता. आपल्या पात्राचे बूच चटकन बसवता आणि चटकन काढता यावे एवढ्याच माफक हेतूने तो एक नवी रचना आखीत होता, आणि ती आखून झाल्यावर त्याच्या ध्यानात आले की या रचनेत दाब जितका वाढेल तितका सांधा अधिक घट्ट होत जाईल, म्हणून तो कधी गळण्याचे कारणच उरत नाही. वारंवार उघडण्याच्या गरजेने विज्ञानाला एक अपरिचित प्रदेश मोकळा करून दिला. ज्या दाबांची कोणी कल्पना केली नव्हती तेथे पदार्थांचे गुणधर्म कसे पालटतात, हे या एका झाकणामुळे मनुष्यास मोजता आले.

त्या रचनेचे मर्म थोडक्यात असे. बुचाचे डोके छत्रीसारखे असून त्याच्या दांड्याभोवती मऊ पॅकिंगचे कडे असते, आणि दांड्याचे मागचे टोक मोकळे सोडलेले असते. त्याला कशाचाही आधार दिलेला नसतो. समजा, डोक्याचे क्षेत्रफळ 10 चौरस सेंटिमीटर आहे आणि दांड्याचे 2. आतल्या द्रवाचा सारा भार डोक्याच्या 10 चौरस सेंटिमीटरांवर पडतो, परंतु तो पुढे पोचतो तो फक्त कड्याच्या 8 चौरस सेंटिमीटरांमार्फत. म्हणून कड्यातील दाब द्रवाच्या दाबाच्या नेहमी सव्वापट राहतो. द्रवाचा दाब 1,000 असेल तर कड्यात 1,250, आणि द्रवाचा 10,000 असेल तर कड्यात 12,500. पळून जाणारा जेथे जेथे पोचेल तेथे त्याच्याहून बलवान पहारा आधीच उभा असतो, आणि तो पहारा उभा करण्याचा खर्च पळून जाणाऱ्याच्याच पदरी पडतो.

निसर्ग कोणतेही वरदान अटीवाचून देत नाही, हेही ब्रिजमनने याच रचनेत अनुभविले. दाब पुष्कळच वाढला की सव्वापट दाबलेले ते मऊ कडे दांड्याला चोहोंकडून आवळते आणि जणू दोन्ही टोकांनी ओढून तोडावा तसा तो पोलादी दांडा मधोमध तुटून सुसाट बाहेर पडतो. सांध्याची चिंता मिटली की पोलादाची चिंता सुरू होते. गळणे थांबते आणि फुटणे हीच मर्यादा उरते. म्हणून उच्च दाबाच्या पात्रासमोर, बुचाच्या रेषेत, कोणीही उभे राहू नये, हा दंडक प्रयोगशाळांतून आजही पाळला जातो.

यापुढची पायरी रबराची. नील्स क्रिस्टेन्सन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या यंत्रज्ञाने सत्तरी ओलांडल्यावर 1937 साली ज्या रबरी कड्यासाठी अर्ज केला आणि 1939 साली ज्याचे एकस्व मिळविले, ती ‘ओ-रिंग’ आज नळाच्या तोटीपासून अंतराळयानापर्यंत सर्वत्र आहे. आयताकृती खाचेत खाचेच्या खोलीपेक्षा किंचित जाड असे वर्तुळाकार छेदाचे कडे बसवावयाचे; या किंचित जाडीमुळे प्रारंभीच थोडा स्पर्श राहतो, आणि दाब चढला की तो कड्याला खाचेच्या पलीकडच्या कोपऱ्यात लोटून फट बुजवितो. प्रारंभीच्या या स्पर्शाचे महत्त्व विसरून चालत नाही. कारण दाबाने घट्ट होणाऱ्या प्रत्येक सांध्याला दाब धरण्यापुरते तरी भांडवल आरंभी लागते. कुकर चढविल्यावर पहिले काही क्षण कडेने वाफ फुसफुसते आणि मग एकाएकी थांबते, ती याच कारणाने. आणि रिंग म्हातारी होऊन कडक झाली म्हणजे हे भांडवल संपते व झाकण कितीही आवळले तरी वाफ धरत नाही.

मात्र रबराच्या कड्याला एक शत्रू आहे, तो म्हणजे त्याच्या पाठीमागची फट. दाबाखाली पोलादी पात्रही किंचित फुगते, बूच व पात्र यांच्यामधील फट रुंदावते, आणि रबर पाझरल्यासारखे त्या फटीत घुसून कुरतडले जाते. यासाठी रबरी कड्यामागे त्रिकोणी छेदाचे काशाचे अथवा तत्सम धातूचे दुसरे कडे ठेवतात. दाबाने ते तिरक्या पृष्ठावर सरकत बाहेर पसरते आणि फुगणाऱ्या भिंतीचा पाठलाग करीत फट मिटवून टाकते. खाद्यपदार्थांच्या यंत्रांत हीच योजना असते. वेस्ट व्हर्जिनियात बर्ट हाइट याने 1899 साली दुधावर दाबाचे प्रयोग केले होते, परंतु दाबाने टिकविलेले मुरांबे जपानच्या बाजारात येण्यास 1990 साल उजाडावे लागले; कारण प्रयोगशाळेत एकदा बंद होणारे पात्र बनविणे आणि कारखान्यात अखंड उघडझाप सोसणारे पात्र बनविणे यांत फार मोठे अंतर आहे. या यंत्रांत बुचाला आटेच नसतात. दोन्ही टोकांची बुचे नुसती आत सरकतात. त्यांच्यावरचा हजारो टनांचा भार पोलादी तारेने गुंडाळलेली एक भक्कम चौकट पेलते, आणि उघडावयाच्या वेळी ती सारी चौकटच रुळांवरून बाजूला जाते. भार पेलण्याचे आणि फट बुजविण्याचे काम विभागण्याची जी बुद्धी द बांजला झाली, तिची ही परिणत अवस्था होय.

वारंवार उघडण्याने जे उपद्रव निर्माण होतात तेही येथेच नोंदवून ठेवतो. प्रत्येक उघडझापेत कडे पात्राच्या कडेवर घासते, म्हणून कडेला उतार व कड्याला योग्य वंगण हवे. रंगाचा कण, सिमेंटची धूळ अथवा सुताचा एखादा तंतू बसण्याच्या पृष्ठावर राहिला, तर तेथून सुरू झालेली वाफेची बारीक धार पोलादालाही खोबण पाडते. म्हणून झिजणारा पृष्ठभाग सहज बदलता येईल अशा झाकणावर असावा, पात्रावर नसावा. मोठ्या दाबाखाली वायू रबरात मुरतो, आणि दाब एकदम सोडला तर आत अडकलेला वायू फुगून कड्याला फोड येतात. म्हणून दाब सावकाश उतरवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, झाकण बंद होणे आणि उघडणे म्हणजे पात्राच्या आयुष्यातील एक पूर्ण ताण आणि एक पूर्ण विसावा. असे हजारो फेरे झाले की आट्यांच्या मुळाशी डोळ्यांना न दिसणारी भेग जन्म घेते. ज्या पात्राचे फेरे मोजणारी नोंदवही नाही, त्याचे वय कोणालाच ठाऊक नसते.

आता मी व्याख्यानाच्या दुसऱ्या आणि माझ्या मते अधिक गंभीर भागाकडे येतो. झाकण चटकन उघडता येणे हा जितका गुण आहे तितकाच तो धोका आहे. बोल्टांच्या झाकणात एक अजाणता लाभलेली सुरक्षितता होती: पहिले दोन-चार बोल्ट सैल होताच आत दाब उरला असेल तर वाफ फुसफुसून इशारा देई आणि माणसाला मागे सरण्यास अवसर मिळे. एका हिसक्यात सुटणारे झाकण असा इशारा देत नाही. यावर कोणी म्हणेल की दाबमापकाचा काटा पाहून झाकण उघडावे. परंतु 20 किलोपर्यंतचे आकडे दाखविणाऱ्या मापकावर एक दशांश किलोचा दाब शून्याहून वेगळा ओळखता येत नाही, आणि 2 मीटर व्यासाच्या दरवाजावर तेवढा एक दशांश किलोदेखील 3 टनांहून अधिक भार उत्पन्न करतो. काटा शून्यावर विसावलेला असतो, कामगाराचे मन निःशंक असते, आणि दरवाज्यामागे 3 टनांचा धक्का दबा धरून बसलेला असतो.

याचे सर्वांत दारुण उदाहरण 5 नोव्हेंबर 1983 रोजी उत्तर समुद्रात, नॉर्वेच्या हद्दीतील फ्रिग वायुक्षेत्रात घडले. बायफर्ड डॉल्फिन या तरत्या तेलमंचावर पाणबुडे ज्या दाबाच्या कोठड्यांत राहत होते, त्या कोठड्या आणि पाणबुड्यांना खाली नेणारी घंटा यांना जोडणारा पट्टा, कोठडीचे दार पूर्ण मिटण्यापूर्वीच बाहेरून उघडला गेला. आतला दाब वातावरणाच्या 9 पटींवरून क्षणार्धात 1 वर आला. चार पाणबुडे आणि बाहेर काम करणारा एक सहायक तत्काळ मृत्यू पावले. दुसरा सहायक अतिशय जखमी झाला. तो पट्टा बळकट होता, सांधा गळत नव्हता, धातूत दोष नव्हता. दाब असताना पट्टा सुटूच नये अशी अडसराची योजना तेवढी तेथे नव्हती. अशा प्रसंगी चूक ज्याच्या हातून झाली त्याच्याकडे बोट दाखविण्याची आपल्या समाजाला सवय आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की, थकलेल्या माणसाच्या एका चुकीने पाच प्राण जाऊ शकतील असे यंत्र ज्यांनी आखले, मंजूर केले आणि वापरात ठेवले, त्यांच्याकडे प्रथम पाहिले पाहिजे.

उपाय अज्ञात नाहीत आणि महागही नाहीत. झटपट उघडणाऱ्या झाकणांसाठी अमेरिकेतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेच्या संहितेने दंडक घातले आहेत: अडकविणाऱ्या अवयवांपैकी कोणताही एक निकामी झाला तरी झाकण सुटता कामा नये, झाकण पूर्ण सुटण्यापूर्वी आतील दाब निघून गेलेला असला पाहिजे, आणि चालविणाराला उभ्या जागेवरून दाबाची खूण दिसली पाहिजे. तेलवायूच्या नळांतून सफाईचे गोळे घालण्या-काढण्यासाठी जे दरवाजे असतात, त्यांच्या कुलपात एक छोटा स्क्रू असतो. तो काढल्याशिवाय दरवाजा फिरतच नाही, आणि तो काढताच आत उरलेला दाब त्या लहानशा छिद्रातून शीळ घालून आपली हजेरी देतो. मोठ्या ऑटोक्लेव्हवर अशीच एक उघडी तोटी दरवाज्याच्या दांड्याशी जखडलेली असावी, म्हणजे तोटी उघडल्याविना दांडा हलणार नाही. आपल्याकडे 1923 च्या बॉयलर कायद्याने बॉयलरांच्या तपासणीची तरतूद केली; 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 31 व्या कलमाने सुरक्षित दाब ओलांडला जाऊ नये यासाठी परिणामकारक उपाय योजण्याची ताकीद कारखानदारास दिली; 1969 साली भारतीय मानक संस्थेने दाबपात्रांची संहिता प्रसिद्ध केली. कायद्याचे दप्तर रिकामे नाही. परंतु जुनी पात्रे मोडीत विकत घेऊन, अडसर काढून टाकून, बाहेरून नवा रंग देऊन चालविणाऱ्या कारखान्यात दप्तरातील कलम पोचते कोठे? तपासनीस वर्षातून एकदा येतो. झाकण दिवसातून दहादा उघडते.

आता ज्या झाकणात हे दोन्ही सिद्धान्त एकत्र नांदतात त्याचे दर्शन घडवून मी विषय पुरा करतो. बॉयलरच्या पोटात उतरण्यासाठी जे लंबवर्तुळाकार भोक ठेवतात, त्याचे झाकण भोकापेक्षा मोठे असून ते तिरके करून आत घालतात आणि आतूनच कडेवर टेकवतात. वाफेचा दाब त्याला बाहेर ढकलू पाहतो आणि त्या ढकलण्यानेच ते अधिक घट्ट बसते. 1959 साली मुंबईत सुरू झालेल्या हॉकिन्सच्या कारखान्याने आतून बसणाऱ्या झाकणाचा जो कुकर आपल्या घराघरांत पोचविला, त्याचे तत्त्व नेमके हेच आहे. तेथे 314 किलोंचा तो भार झाकण उडविण्यासाठी नसून झाकण धरून ठेवण्यासाठी राबतो. आणि आत दाब शिल्लक असेतोवर ते झाकण खाली दाबून तिरके करणे मनुष्याच्या मनगटाला शक्य होत नाही, म्हणून उघडण्याची मनाईही दाबच करतो. बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरातही रबरी रिंगेचा ओठ वाफेनेच फाकतो, आणि शिट्टी व सुरक्षा-झडप दोन्ही तुंबल्या तर झाकणाच्या कडेतील खिडकीतून रिंग बाहेर येऊन वाफेला वाट मिळावी अशी तजवीज असते. ज्या सुरक्षिततेअभावी उत्तर समुद्रातील त्या पाणबुड्यांना प्राणांस मुकावे लागले, ती आपल्या स्वयंपाकघरात अल्प किमतीत उपलब्ध आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकी जे कारखानदार आहेत त्यांना माझी विनंती आहे की, आपल्या कारखान्यातील प्रत्येक झटपट उघडणाऱ्या झाकणाशी जाऊन एकच प्रश्न विचारावा: आत दाब असताना हे झाकण उघडण्याचा यत्न केला तर ते उघडते काय? उत्तर ‘होय’ असेल, तर अडसर बसेपर्यंत ते पात्र बंद ठेवावे. जे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत त्यांनी झाकण आखताना फट बुजविण्याचा विचार जितका करावा, तितकाच उघडण्याच्या क्षणाचा करावा. जे कारागीर आहेत त्यांनी अडसर काढून काम लवकर उरकण्याचा हुकूम कोणीही दिला तरी तो मानू नये. आणि ज्यांचा दाबाशी संबंध केवळ कुकरापुरता आहे, त्यांनी कडक झालेली रिंग वेळेवर बदलावी, शिट्टीची नळी रोज स्वच्छ करावी, आणि झाकण सहज उघडत नसेल तर त्यावर जोर करू नये. ते उघडत नाही याचा अर्थ ते आपले काम चोख करीत आहे.